टिक-टिक: फियाटचं इंजिन आणि मेकॅनिकचा कान

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. आजचा विषय जरा तेलकट आहे. गाडी चालू केली की बॉनेटखालून शिलाई मशीनसारखी टिक-टिक-टिक येते, ती कशाची? आणि एका पिढीला ती नुसती ऐकून कशी कळायची?

त्यासाठी मुंबईत जावं लागेल. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं तिथं गाड्यांची जुळणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून यायचे, इथं फक्त जोडायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सांगितलं, भाग इथंच बनवणार असाल तर थांबा. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघंही निघून गेले. उरलेल्या मोजक्या कंपन्यांत एक होती कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. ती १९४४ मध्ये काढली आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. तिथं १९५४ पासून फियाट ११०० बनायला लागली. परभणी तेव्हा महाराष्ट्रात नव्हतंच, हैदराबाद राज्यात होतं.

ही गाडी इटलीत १९५३ मध्ये आली होती. तिथं १९६९ मध्ये ही मालिका संपली. आपल्याकडं मात्र सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि विसावं शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. इंजिन मूळ तेच, १०८९ सीसी, चार सिलिंडर. स्पर्धा जेमतेम होती, आयात जवळपास बंद होती, त्यामुळं ग्राहकाला फारसा पर्याय नव्हता. पण त्याच बंद बाजारात मेकॅनिकच्या दोन-तीन पिढ्या एकच इंजिन ऐकत मोठ्या झाल्या. माझ्या मते पद्मिनीच्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते.

आता आत काय चालतं ते बघा. या इंजिनात कॅमशाफ्ट खाली असतो. तो टॅपेटला ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुद्दाम केसाएवढी फट ठेवतात. फट म्हटलं की ठोका आला. थोडी टिक-टिक म्हणजे डिझाइनचाच भाग. झिजून फट वाढली की टिक-टिकही वाढते.

परभणीत वसमत रोडच्या एका गॅरेजात मी जुन्या पद्मिनीचे टॅपेट लावताना पाहिलं. मी सॉफ्टवेअरवाला. मला ते सरळ डीबगिंग वाटलं. आधी डिपस्टिक काढून ऑइल बघितलं, कारण ऑइल कमी असेल तर पुढचं सगळं निदान फुकट. मग लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक टॅपेट कव्हरला. एकेक सिलिंडरवर टेकवत आवाज कुठं मोठा आहे ते शोधलं.

आवाजाच्या वेगातही माहिती असते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीनं फिरतो. गाडी ८०० फेऱ्यांवर उभी असेल तर एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो. त्याहून जड, खोलवरचा ठक-ठक असेल आणि जोर दिल्यावर वाढत असेल तर शंका बेअरिंगवर. थंड असताना टिकटिकतं आणि तापल्यावर गप्प होतं, तर एक्झॉस्ट कुठं तरी गळत असू शकतो. जुने मेकॅनिक एकेका प्लगची वायर काढून बघायचे. आवाज बदलला तर दोष पिस्टन किंवा बेअरिंगकडं, तसाच राहिला तर टॅपेटकडं. आजच्या गाडीवर हा प्रयोग करू नका, शॉक बसेल आणि इलेक्ट्रॉनिक्सही जाईल.

मग कव्हर काढायचं आणि थंड इंजिनावर फिलर गेजची पत्ती घालून फट मोजायची. इथं एक सुंदर हिशोब आहे, बेरीज पाच. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र डुलायला लागले की पहिल्याचे लावायचे. तिसऱ्याचे डुलले की दुसऱ्याचे. याच्या उलटही तसंच. नट सैल करा, स्क्रू फिरवा, पत्ती किंचित अडकत सरकली पाहिजे, नट आवळा, आणि पुन्हा मोजा. कारण आवळताना फट बदलते.

खरा धोका पुढं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "आवाज एकदम बंद करून द्या." तसं करणं सोपं आहे, फट मिटवली की झालं. गाडी गुळगुळीत चालते, गिऱ्हाईक खूश. पण तापल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बैठकीला टेकून सोडतो. टेकलाच नाही तर कडेनं गरम वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. मग कॉम्प्रेशन जातं आणि हेड खोलायचा खर्च येतो. टॅक्सीवर घर चालणाऱ्या माणसाचे तेवढे दिवस बुडाले. म्हणून चांगला मेकॅनिक गिऱ्हाइकाशी वाद घालायचा, पण थोडा आवाज ठेवायचा.

हा आवाज तंत्रानं कधीच मिटवला होता. ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून काढणारी हायड्रॉलिक सोय अमेरिकेतल्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये १९३० सालीच होती. आपल्याकडं १९८३ मध्ये मारुती आली, कॅमशाफ्ट वर गेला, पुशरॉड गेले. पुढं बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेटही आले. अशा गाडीत टिक-टिक आली तर तिचा अर्थ वेगळा. फिरवायला स्क्रूच नसतो. ऑइल कमी आहे, जुनं झालंय किंवा दाब पडलाय, हे आधी तपासायचं. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर जागच्या जागी इंजिन बंद करा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळं रस्त्यावरून गेली. गाड्यांवर लेख आले, फोटो आले. ज्या कानांनी त्या चालत्या ठेवल्या त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मेकॅनिक असेल, तर जा, चहा पाजा आणि त्याला इंजिनाचे आवाज तोंडानं काढून दाखवायला सांगा. मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. सापडलं काही तर आम्हालाही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडला!