पादचिकित्सा

पावले व घोटे यांच्या विकारांचे निदान, उपचार आणि प्रतिबंध करणारी आरोग्यसेवा. ती देणाऱ्यास पादचिकित्सक (पोडियाट्रिस्ट) म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर 4 वर्षांचा अभ्यासक्रम व 3 वर्षांचे निवासी प्रशिक्षण असते. भारतात वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांवर केलेले काम या क्षेत्रात पायाभूत ठरले (→ कुष्ठरोग). 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात हा व्यवसाय समाविष्ट झाला. प्रत्यक्षात हे काम अजून मुख्यतः शल्यचिकित्सक व मधुमेहतज्ज्ञच करतात.

कुरूप व नखांचे विकार यांवरील उपचारांखेरीज 10 ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने स्पर्शज्ञान तपासणे, पावलाची नाडी पाहणे, जखमेतील मृत ऊती काढणे, दाब विभागणारी पादत्राणे सुचवणे ही प्रमुख कामे होत.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात पावले बधिर करू शकणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक, आढळले (→ मधुमेह). पेडणे व डिचोली तालुक्यांत भातशेतीतील अनवाणी काम पावलांना जोखमीचे ठरते. डिचोलीतील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड (व्रतस्थ भक्त) निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात. बधिर पावलाला भाजल्याची वेदना कळत नाही, म्हणून मधुमेही धोंडांची पाऊलतपासणी विशेष महत्त्वाची.