मायसेन पोर्सलिनच्या शोधाचे श्रेय

युरोपातील पहिल्या कठीण पोर्सलिनच्या शोधाचे श्रेय परंपरेने ब्योट्गर या किमयागारास दिले जाते. सोने करून मिळेल या आशेने सॅक्सनीच्या ऑगस्टसने त्यास बंदिवासात ठेविले होते. परंतु मोठ्या भिंगांनी सूर्याची उष्णता एकवटून खनिजे वितळविण्याचे प्रयोग गणितज्ञ चिर्नहाउस याने तत्पूर्वीच आरंभिले होते, व ब्योट्गर त्याच्याच देखरेखीखाली काम करीत असे. १५ जानेवारी १७०८ च्या ब्योट्गरच्या टिपणात पांढरी माती व अलाबास्टर यांची मिश्रणे भाजून काही शुभ्र व पारभासी निघाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात चिर्नहाउस निवर्तला. १७०९ च्या मार्चमध्ये ब्योट्गरने दरबारास शोध कळविला. १७१० मध्ये मायसेनचा कारखाना निघाला. टिपणाचे हस्ताक्षर एकाचे, त्यामागील पद्धती दुसऱ्याची. म्हणून हे श्रेय उभयतांचे मानणेच युक्त होय.