लहान यंत्रांत यूएसबी कशी आली

उपकरणाच्या पोटात राहून त्याचे ठरलेले काम सांभाळणाऱ्या चिपला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि या चिपचा संगणकाशी संवाद बराच काळ सिरियल पोर्टमधूनच चाले. 1960 साली अमेरिकेत ठरलेल्या आरएस-232 या मानकानुसार पाठवण्याची एक, घेण्याची एक आणि सामायिक अर्थची एक अशा तीन तारांवर काम भागे; मात्र दोन्ही टोकांचा वेग जुळवून ठेवणे वापरणाऱ्याच्याच अंगावर असे.

कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांच्या निरनिराळ्या पोर्टांचा गुंता सोडवण्यासाठी 1994 साली सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी 1996 मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अजय भट्ट हे तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. वापरणाऱ्याचे ओझे यूएसबीमुळे उतरले, पण ते उपकरणावर चढले. डेटाच्या दोन तारांपैकी एक तार दीड किलोओहमच्या रोधकाने वर ओढून उपकरण आपली हजेरी लावते. धन तार ओढली तर वेग सेकंदाला 12 मेगाबिट, ऋण तार ओढली तर 1.5 मेगाबिट असा संकेत आहे. मग संगणक त्याला क्रमांक देतो आणि निर्माता कोण, वस्तू कोणती, ती कोणत्या वर्गातली, हे सांगणारी डिस्क्रिप्टर नावाची माहिती मागवतो. ठरल्या वेळेत उत्तर आले नाही, तर जोडणी होत नाही.

साध्या मायक्रोकंट्रोलरला हे पेलण्यासारखे नव्हते, म्हणून मध्यस्थ चिपचा तोडगा निघाला. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी232 चिप यूएसबीचे सारे सोपस्कार स्वतः पार पाडते आणि मायक्रोकंट्रोलरशी जुन्या सिरियल रीतीनेच बोलते. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातून अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचलेल्या फायरबर्ड-5 रोबोटात एटीमेगा2560 या मायक्रोकंट्रोलरच्या जोडीला हीच चिप आहे, त्यामुळे विद्यार्थ्याला सिरियलचे ज्ञान पुरते. पुढे मायक्रोकंट्रोलरमध्येच यूएसबीचे सर्किट आले, तर व्ही-यूएसबीसारख्या प्रणालींनी ते सर्किट नसलेल्या लहान चिपकडूनही केवळ प्रोग्रामच्या जोरावर कमी वेगाची यूएसबी चालवून घेतली.

पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र संगणकाला जोडताच ओळखले जाते, ते याच परंपरेमुळे. आणि म्हणूनच आपल्याकडे नवे उपकरण घडवणाऱ्याने यूएसबीची जोडणी शेवटी चिकटवण्याची बाब न मानता आराखड्याच्या पहिल्याच पानावर घ्यावी.