पहिल्या कादंबरीची वार्ता : ‘यमुनापर्यटन’ आणि ‘इंदुलेखा’

अमुक लेखकाची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, हे वाक्य आज ऐकणाऱ्यास कोणताही संदेह पडत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जाऊन हेच वाक्य मराठीत उच्चारावयाचे म्हटले, तर त्यातील एकही महत्त्वाचा शब्द आपल्या आजच्या अर्थाने हाती लागत नाही. ‘पहिली’ म्हणजे लेखकाची की भाषेची? ‘कादंबरी’ हे नाव त्या ग्रंथास कोणी दिले, लेखकाने की पुढील पिढीने? आणि ‘प्रसिद्ध झाली’ ती कोणत्या दिवशी? वाङ्मयेतिहासाच्या आरंभीच्या प्रकरणांत जे वाद माजले, त्यांतील बरेचसे या तीन शब्दांच्या संदिग्धतेतून उद्भवले आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा १८५६चा पंधरावा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. बेळगावास जन्मलेल्या आणि १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या या तरुण लेखकाचे वय सव्वीस वर्षांचे होते. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासास निघतात, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे त्यांच्या कानी पडतात, आणि अखेर यमुनेवरच वैधव्य ओढवते, ही कथा सुपरिचित आहे. आपल्याला पाहावयाचे आहे ते शीर्षक. ग्रंथाचे संपूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ असे आहे. यात कथा, गोष्ट, आख्यान यांपैकी एकही शब्द नाही. ‘निरूपण’ हा शब्द कीर्तनाच्या आणि पुराणाच्या परंपरेतला. तो ऐकताच श्रोत्याने बोध घेण्यास सावरून बसावे अशी त्याची योजना. आपण एक नवा वाङ्मयप्रकार भाषेत आणीत आहोत, याची वार्ता या शीर्षकात नाही. वार्ता आहे ती विषयाची.

हे मौन लेखकाच्या अज्ञानाचे खासच नव्हे. पदमनजी हे शब्दांचे जाणकार होते. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनीच केला व तो १८६३ साली निघाला. ज्याने कोशाची पाने चाळून शब्द राखले आणि गाळले, त्यास आपल्या ग्रंथासाठी नाव सुचले नसते असे मानता येत नाही. मग इतकेच अनुमान उरते की, रूढ असे नावच उपलब्ध नव्हते, आणि नाव बनविण्याची त्यांना गरज भासली नाही. विधवांच्या स्थितीकडे लक्ष वेधणे हा त्यांचा हेतू होता आणि तो शीर्षकातच सिद्ध होत होता.

नाव पुढेही लवकर ठरले नाही. का. बा. मराठे यांनी १८७२ साली या प्रकाराची चिकित्सा केली, तेव्हा त्यांच्या निबंधाच्या मथळ्यात ‘नावल’ हा इंग्रजी शब्दच आहे. म्हणजे ‘यमुनापर्यटना’नंतर पंधरा वर्षे, हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व गुंजीकरांचे ‘मोचनगड’ (१८७१) वाचकांपुढे येऊनही, विद्वानाच्या लेखणीस परका शब्दच जवळचा वाटत होता. बाणभट्टाच्या नायिकेचे विशेषनाव सामान्यनाम होऊन मराठीत आणि कन्नडात स्थिरावले. बंगालीने व हिंदीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. या निवडी निव्वळ कोशापुरत्या राहत नाहीत. ‘कादंबरी’ म्हटले की प्रणय, विरह आणि अद्भुत यांची अपेक्षा मागोमाग येते. त्या अपेक्षेस ‘मुक्तामाला’ उतरते, ‘यमुनापर्यटन’ उतरत नाही. काही अभ्यासकांनी पहिल्या स्वतंत्र कादंबरीचा मान ‘मुक्तामाले’स दिला, त्यात लेखकाच्या धर्मांतराविषयीची अढी जशी होती, तसा या नावाचाही हात होता. भालचंद्र नेमाडे यांनी या दोहोंसह ‘मोचनगड’ घेऊन तीन निराळ्या प्रवृत्ती कल्पिल्या, तेव्हा कोठे ‘यमुनापर्यटना’स धर्मप्रचाराच्या कप्प्यातून बाहेर काढून वाचण्याची दिशा मिळाली.

याच्या अगदी उलट उदाहरण मलयाळमचे आहे, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांस सहसा ठाऊक नसते म्हणून येथे थोडे विस्ताराने सांगतो. मलबारात मुन्सफ असलेले ओ. चंदु मेनन (१८४७–१८९९) यांनी १८८९ साली ‘इंदुलेखा’ प्रसिद्ध केली. तिच्या आधी, १८८७ साली, अप्पु नेडुंगाडी यांची ‘कुंदलता’ निघाली होती. तेव्हा ‘पहिली’ या शब्दाचा वाद तेथेही आहेच. परंतु मेनन यांनी आपली वार्ता कशी सांगितली ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजी नॉव्हेलच्या धर्तीवर लिहिलेली कथा, असा खुलासा त्यांनी ग्रंथाच्या नावाबरोबरच जोडला. प्रस्तावनेत व इंग्रजी भाषांतरकार ड्यूमर्ग यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी सगळी हकीकत उघड केली. त्यांना इंग्रजी कादंबऱ्यांचा नाद लागला, वाचलेले ते घरच्यांस तोंडी सांगत, बीकन्सफील्डच्या ‘हेन्रिएटा टेम्पल’चे भाषांतर करून द्यावे असा आग्रह झाला, त्यांनी आरंभ केला आणि सोडून दिला. मग ११ जून १८८९ रोजी स्वतःची कथा लिहावयास घेतली व १७ ऑगस्टला हातावेगळी केली.

भाषांतर का सोडले याचे मेनन यांनी दिलेले कारण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. तोंडी सांगताना मध्येच थांबून समजाविता येते, स्वर बदलता येतो. तेच शब्दशः कागदावर उतरविले की ऐकणारा गोंधळतो. मौखिक निवेदन आणि लिखित गद्य यांतील हा भेद एका मुन्सफाने अनुभवातून ओळखला. संस्कृतप्रचुर मलयाळम टाळून घरात बोलतो तीच भाषा आपण वापरली, हेही त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. रोजच्या साध्या गोष्टी लिहिण्यात काय अर्थ, असे विचारणाऱ्यांस त्यांनी चित्रकलेचा दाखला दिला : नरसिंहादिकांच्या जुन्या चित्रांची सवय असलेल्यांनाही माणसे जशी दिसतात तशी दाखविणारी तैलचित्रे आवडू लागली आहेत. इतकी सावध, इतकी युक्तिवादाने भरलेली प्रस्तावना आरंभीच्या मराठी कादंबरीस लाभली असती, तर आपले पुष्कळसे वाद उद्भवले नसते. ‘इंदुलेखे’ची दुसरी आवृत्ती १८९० सालीच काढावी लागली.

राहिला तिसरा शब्द. ‘प्रसिद्ध’ या संस्कृत विशेषणाचा अर्थ ख्यात असा. मराठीने त्यास ‘करणे’ जोडून छापून लोकांपुढे ठेवण्याचा अर्थ घडविला. पण मासिकांनी व साप्ताहिकांनी कादंबरी प्रकरणशः छापण्याचा प्रघात पाडल्यावर या क्रियेस एक दिवस उरला नाही. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणेवैभव’ पत्रातून आली. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही तर त्यांच्याच ‘करमणूक’मधून १८९० ते १८९३ अशी चालली. काशीबाई कानिटकर यांची ‘रंगराव’ आधी मासिकातून वाचकांपुढे आली आणि पुस्तकरूपाने १९०३ साली. आमच्या पाठ्यपुस्तकांत मात्र प्रत्येक नावापुढे कंसात एकच साल असते, आणि ते आरंभाचे, समाप्तीचे की पुस्तकाचे, हे सांगितलेले नसते. परीक्षेत त्या सालाच्या चुकीबद्दल गुण कापले जातात, हे पाहून मला प्रत्येक वर्षी संकोच वाटतो.

विभागातर्फे एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांची सूची करण्याचे काम कोणी हाती घेतल्यास, प्रत्येक ग्रंथापुढे तीन साले निरनिराळी नोंदवावीत, आणि लेखकाने शीर्षकपृष्ठावर व प्रस्तावनेत स्वतःच्या कृतीस कोणत्या शब्दाने संबोधिले आहे तो शब्द मूळ लेखनासह चौथ्या रकान्यात उतरून घ्यावा. ‘यमुनापर्यटना’पुढे त्या रकान्यात ‘निरूपण’ असे लिहावे लागेल.