भेदभावाविरुद्ध कायद्याची सोबत : धाराशिवमधील विधी स्वयंसेवक

सार्वजनिक पाणवठ्यावर मज्जाव, मंदिरप्रवेशास विरोध, चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ या सर्व कृत्यांना कायद्याने गुन्हा ठरविले आहे. मात्र तक्रार कशी लिहावी, कोणता कागद मागून घ्यावा आणि वकील कोठे मिळेल, हे ठाऊक नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. ही उणीव भरून काढण्याचे काम विधी स्वयंसेवक करतात.

योजनेचे स्वरूप

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये ही योजना आखली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातील महिला, विधी शाखेचे विद्यार्थी यांना प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक नेमले जाते. धाराशिवमध्ये जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तर तालुका पातळीवर तालुका विधी सेवा समिती हे काम पाहते. स्वयंसेवक वकील नसतो. तो न्यायालयात बाजू मांडत नाही. अर्ज लिहून देणे, योग्य कार्यालय दाखविणे आणि मोफत वकिलाची मागणी नोंदविणे, ही त्याची जबाबदारी.

मोफत वकील कोणाला?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, सर्व महिला, बालके, दिव्यांग आणि जातीय अत्याचाराचे बळी यांना उत्पन्नाची अट नाही.

पहिले काही दिवस महत्त्वाचे

घटनेची तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदारांची नावे तातडीने लिहून ठेवावीत. जातिवाचक अपमानाच्या प्रकरणात तो लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला की नाही, हा मुद्दा निर्णायक ठरतो. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारल्यास पोलिस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठविता येते. तेथेही दाद न मिळाल्यास न्यायालयात अर्ज करता येतो. ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर गेलेल्या मजुरांनी विशेष लक्षात ठेवावे, की हद्दीचे कारण सांगून गंभीर गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील तपास पोलिस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असून, दोषारोपपत्रासाठी 60 दिवसांची मुदत आहे. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते. त्याचा पाठपुरावा समाजकल्याण कार्यालयाकडे करावा.

सोबत हाही हक्कच

या कायद्यात 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 15-अ हे कलम आले. स्वयंसेवी संस्था, सामाजिक कार्यकर्ते किंवा वकील यांचे साहाय्य घेणे हा पीडिताचा हक्क असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पीडितासोबत कार्यकर्ता आला, तर ती कोणाची मेहेरबानी ठरत नाही. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने अशा सोबतीची परंपरा त्यापूर्वीच रुजविली होती.

विमुक्त-भटक्या समाजातील ज्या जाती अनुसूचित यादीत नाहीत, त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही. मात्र जातपंचायतीने वाळीत टाकल्यास राज्याचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा त्यांच्या मदतीला येतो.

मोफत विधी साहाय्यासाठी 15100, तर जातीय अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 या क्रमांकावर संपर्क साधता येईल.