वाटाण्याची कुंडी आणि छायाचित्रणाचा कित्ता

इ. स. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग उघडला. फ्रान्समध्ये दागेर याने आपली युक्ती जगापुढे मांडून तेव्हा अवघी सोळा वर्षे लोटली होती, आणि काचेवर कोलोडियनचा लेप देऊन चित्र घेण्याची आर्चरची रीत तर चारच वर्षांची होती. विद्या इतकी कोवळी असताना ती या देशातील विद्यार्थ्यांस शिकविण्याची सोय व्हावी, हे आजही नवलाचे वाटते. आदल्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. साहेब लोकांच्या त्या मंडळीत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. त्यांपैकी नारायण दाजी हे नुसते वर्गणी भरणारे सभासद नव्हते; ते स्वतः चित्रे घेत असत. एल्फिन्स्टनच्या वर्गात तयार झालेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा चित्रव्यवसाय थाटला, आणि १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे मांडली गेली.

ही मंडळी शिकली तरी कशी? पुस्तके थोडी होती, आणि जी होती ती विलायतेच्या थंड हवेत लिहिलेली. आर्चरच्या रीतीत काच स्वच्छ पुसावयाची, तिच्यावर कोलोडियन एकसारखे ओतावयाचे, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोवरच चित्र घेऊन अंधाऱ्या खोलीत अगर तंबूत धुवावयाची. विलायतेत या साऱ्यास जी काही मिनिटे मिळत, ती मुंबईच्या उन्हाळ्यात आणखी आखडत. लेप वाळला की काच फुकट. अशा स्थितीत 'दिसेल ते टिपावे' ही चैन कोणास परवडणार? आज कोणता विषय घ्यावयाचा, ऊन कोठून येणार, तंबू कोठे ठोकावयाचा, हे आधी ठरवून मगच पाऊल उचलावे लागे. एक काच म्हणजे एक निश्चय होता. जुन्या पंतोजींनी धूळपाटीवर एकेक अक्षर शंभर वेळा गिरवून घ्यावे, तसा हा प्रकाशाचा कित्ता होता. आणि पंतोजीच्या जागी द्रव्यांचा खर्च व हवेचा उष्मा हे दोघे छडी घेऊन उभे होते.

या सोसायटीच्या आश्रयाने जॉन्सन व हेंडरसन या दोघा छायाचित्रकारांनी १८५६ पासून हौशी लोकांसाठी छायाचित्रांची एक मासिक पुस्तकमाला चालविली. तीत चित्रे छापलेली नसत, खरी छायाचित्रे चिकटविलेली असत. शिकणाराच्या दृष्टीने हिचे महत्त्व असे की, महिना भरला की दाखविण्याजोगे काही निपजलेच पाहिजे, असा तगादा त्यामुळे पाठीशी लागला. कोणतीही कला शिकताना लहर आणि तगादा यांत तगादाच अधिक शिकवितो, हे कोणा गवयास अगर पहिलवानास विचारावे.

पुढे कोरड्या काचा आल्या, आणि १८८८ मध्ये ईस्टमनने आपला कोडॅक बाजारात आणून, तुम्ही नुसती कळ दाबा, बाकीचे आम्ही पाहून घेऊ, असा पुकारा केला. सोय झाली खरी. पण कित्ता सुटला. त्यानंतर ज्यास खरोखर शिकावयाचे असेल त्याने आपला कित्ता आपणच घालून घ्यावा, अशी पाळी आली.

तो घालून घेणारांत मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा, यांचे नाव पहिल्याने घेतले पाहिजे. त्यांचा छायाचित्रांचा व्यवसाय चालू होता. १८९६ साली ७ जुलै रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली आणि सावेदादांना त्या यंत्राचा ध्यास लागला. २१ गिनी मोजून त्यांनी लंडनहून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये मुद्दाम एक कुस्ती योजून तिचे चित्रण केले. यातील 'मुद्दाम योजून' हे शब्द ध्यानात धरण्यासारखे आहेत. कुस्ती हा नवशिक्याने निवडावा असाच विषय होता. हालचाल भरपूर, पण आखाड्याच्या बाहेर जाणारी नव्हे. कॅमेरा एका जागी रोवून ठेवला तरी मल्ल नजरेतून निसटत नाहीत. हा अभ्यास झालेला असल्यामुळेच, १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा, दुसऱ्यांदा घडवून आणता न येणारा तो प्रसंग टिपण्याची हिंमत त्यांना झाली असली पाहिजे.

परंतु या साऱ्या कथेचा मेरुमणी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांची गोष्ट घरोघर एकाच साच्यात सांगितली जाते. त्यांनी गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला, राम-कृष्ण पडद्यावर आणण्याची प्रेरणा त्यांना झाली, आणि 'राजा हरिश्चंद्र' अवतरला. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातून वीस वर्षे गाळलेली आहेत. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा पुरुष मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, मग बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे त्याने चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचा हात बसविला. गोध्र्यास त्याने छायाचित्रांचे दुकान काढले. प्लेगात पहिली पत्नी व मूल दगावल्यावर ते बंद पडले. त्यानंतर नाटकांचे पडदे रंगविणे झाले, जादूचे खेळ शिकणे झाले. १९०३ साली पुराणवस्तु खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. पुढे ती सोडून लोणावळ्यास ठसे व छपाईचा कारखाना काढला आणि तिरंगी छपाईची विद्या पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीची वारी केली. वरवर पाहता ही धरसोड दिसते, आणि सोयऱ्याधायऱ्यांनी ती तशीच मानली असेल. पण एकेका धंद्यात हातास जे वळण पडले, ते पुढे फुकट गेले नाही. ठशांच्या कामाने काळ्या-पांढऱ्यामधल्या छटांची पारख दिली. जादूने पाहणाराची नजर कशी चुकवावी हे शिकविले.

ख्रिस्ताचा मूकपट पाहिल्यावर या गृहस्थाने स्वतःस जे शिक्षण दिले ते फार कठोर होते. रोज तासन्‌तास चित्रपट पाहावयाचे, घरी येऊन फिल्मचे तुकडे भिंगातून न्याहाळावयाचे, रात्री झोप जेमतेम. परिणाम असा झाला की डोळे अधू झाले आणि काही काळ दृष्टीच जाण्याची वेळ आली. ती उपचारांनी सावरली. मग विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून, १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे 'बायोस्कोप' पत्राचे संपादक कॅबोर्न यांची ओळख काढली, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम कसे चालते ते पाहिले, आणि विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून एप्रिलच्या आरंभी परत आले. आता विद्या होती, यंत्र येणार होते. नव्हता तो पैसा. हिंदी माणूस चित्रपट काढील यावर विश्वास कोणाचा? नाटकमंडळ्यांत जन्म घालविलेली माणसेही मान हलवीत.

अशा वेळी दुसरा कोणी एखादा नाट्यप्रवेश चित्रित करून दाखविता. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले.

कुंडीपुढे कॅमेरा रोवला, आणि बी उकलून कोंब येण्यापासून वेल वर चढेपर्यंतची वाढ महिन्याहून अधिक काळ थोडथोडी टिपून घेतली. पडद्यावर ती मिनिटाभरात दिसे. 'अंकुराची वाढ' या नावाने तो लघुपट प्रसिद्ध आहे. रोज एकच चौकट घेतली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण थोडे अंकगणित केले तर ते जुळत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदास सोळा चौकटी हा साधारण वेग. रोज एक याप्रमाणे महिन्यात तीस चौकटी भरतात आणि दोन सेकंदांतच खेळ आटोपतो. मिनिटभराच्या खेळास ९६० चौकटी लागतात. म्हणजे तीस दिवसांत रोज ३२ चौकटी. फिल्मच्या मापाने पाहिले तर हे काम अवघ्या साठ फुटांचे. पण त्यासाठी महिनाभर एका कुंडीपाशी ठाण मांडून बसावयाचे.

या कामातील खोच हातात घेतल्यावाचून कळत नाही. पालघर तालुक्यात सूर्या नदीकाठी मासवण आहे. त्या बाजूस भात कापल्यावर शेताच्या ओलीवर वाल पेरतात. वाटाण्याऐवजी वालाचा वेल घेऊन कोणी हाच प्रयोग तेथे करू म्हणेल, तर पौष महिन्यातला अकरा तासांचा उजेड धरून त्याला दर वीस मिनिटांस एक चौकट घ्यावी लागेल. कुंडीस कोणाचा धक्का लागता कामा नये, कॅमेऱ्याची तिपाई तसूभर हलता कामा नये. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना सावली कुंडीभोवती फिरणार, म्हणून उन्हाची जागा सोडून उत्तरेकडील ओसरीचा सारखा उजेड शोधावयाचा. तोही थंडीतच मिळावयाचा. कारण त्या मुलखात मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्याही उत्तरेस असतो, आणि त्यात पावसाचे ढग. एखादा ढग आला व त्या क्षणी चौकट घेतली गेली, तर पडद्यावर ती डोळा मिचकावल्यासारखी लुकलुकते. शिवाय वेल रात्रीही वाढतच राहतो, आणि दिवसा उजेडाच्या दिशेने झुकतो. तेव्हा रोज सकाळी तो एकदम उडी मारलेला दिसणार. आज मासवणच्या मुलाच्या हाती फोन असेल, आणि वेळ लावून ठेवली तर तो आपोआप चौकटी घेईल. फाळक्यांचा कॅमेरा हाताने दांडा फिरविण्याचा होता, आणि अशा कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेरीस सामान्यतः आठ चौकटी पुढे सरकत. त्यातून एकच चौकट घेऊन थांबावयाचे, आणि हे महिनाभर न चुकता.

याचसाठी या कुंडीला नुसती गंमत म्हणणे अन्यायाचे आहे. चित्रपट म्हणजे चौकटींची माळ, हे फाळके पुस्तकातून जाणत होतेच. येथे त्यांनी ती माळ एकेक मणी ओवून केली. नटांची गर्दी, कपडेपट, आरडाओरड यांपैकी काही मध्ये नव्हते. यंत्र, प्रकाश, वेळ आणि धीर या चौघांचीच परीक्षा होती. विषयही असा शहाणपणाने निवडलेला, की खर्च मूठभर वाटाण्यांचा, आणि पाहणारास मात्र आपण जादू पाहिली असे वाटावे.

ही परीक्षा एकट्याने दिली गेली नाही. त्या काळी येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधारात घरीच पाडावी लागत. हे काम, आणि फिल्म धुण्याचे, द्रव्ये कालविण्याचे काम दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. दिवसा मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक आणि रात्री अंधाऱ्या खोलीत छिद्रे. विम्याच्या कागदांपाठोपाठ त्यांचे दागिनेही गहाण गेले. शाळेच्या पुस्तकांत फाळक्यांच्या नावाशेजारी त्यांचे नाव क्वचितच येते, हे काही आपल्या लेखकांस भूषणावह नव्हे.

'अंकुराची वाढ' निवडक मंडळींस दाखविण्यात आली. त्यांत यशवंतराव नाडकर्णी होते. चित्र पाहून त्यांची खात्री पटली आणि त्यांनी तारणावर कर्ज दिले. मग दादरला चित्रशाळा उभी राहिली. कॅमेऱ्यामागे उभे राहावयास माणूस हवा, तेव्हा फाळक्यांनी साध्या छायाचित्रणाची माहिती असलेले आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांस हाती धरून शिकविले. तारामतीचे काम करावयास स्त्री मिळाली नाही, म्हणून ते साळुंके नावाच्या तरुणाकडून करवून घेतले. १९१३ च्या ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

नाव झाल्यावर पुष्कळ कलावंत कित्ता टाकून देतात. फाळक्यांवर तो पुन्हा हाती धरण्याचा प्रसंग लवकरच आला. १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले, कच्च्या फिल्मची टंचाई पडली आणि भांडवल देणाऱ्यांनी हात आखडते घेतले. मोठा चित्रपट काढणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी पुन्हा कुंडीएवढे विषय शोधले. 'आगकाड्यांची मौज' या १९१५ च्या लघुपटात नट नाहीत, कथा नाही. काड्यापेटीतील काड्या आपणहून सरकत नाना आकृती करतात. एक चौकट घ्यावयाची, काडी किंचित सरकवावयाची, पुन्हा एक चौकट. रीत वाटाण्याचीच, फरक इतकाच की वेल स्वतः वाढत होता आणि काडीला हाताने वाढवावे लागले. 'प्रोफेसर केळफा यांचे जादूचे प्रयोग' यात तर ते स्वतःच जादूगार झाले. फाळके हे नाव उलटेपालटे करून केळफा केले आहे, हे चाणाक्षांच्या ध्यानात आलेच असेल.

आणि १९१७ मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचा एक लघुपट काढला. त्याचा थोडा भाग शिल्लक आहे. त्यात राजे नाहीत, देव नाहीत. अंगरखा-कोटातील एक गृहस्थ नटांना हातवारे करून शिकवीत आहे, आणि नंतर फिल्मची पट्टी हातात घेऊन एकेक चौकट निरखून पाहत आहे.