वही आणि कान

मंडळी, धामणगाव बढ्यात 'विद्यापीठातलं संगीतशास्त्र' हा विषय ठेवला, तेव्हा काहींना वाटलं असेल की इथे भजन आहे, लग्नात बँड वाजतो, शास्त्राचं काय काम? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, गाणं नाही. पण मनात एक जुनी सल आहे, ती आधी सांगतो. लहानपणी आम्ही एका बुवांकडे पेटी शिकायला जात असू. ऐकलेलं विसरायला होई, म्हणून एक दिवस वही नेली. बुवा म्हणाले, "वही नको आनू, कान आन." वही परत गेली, आणि पुढे आमचं जाणंही थांबलं. बुवांचं चुकलं का?

प्रश्न आमच्यापेक्षा फार जुना आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस लिखाणावरच शंका घेतो. लिहून ठेवलं की स्मरणशक्ती आळसावते आणि कागदाला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही, असा त्याचा मुद्दा. गंमत अशी की हे आपल्याला कळलं, कारण प्लेटोनं ते लिहून ठेवलं.

आता मुंबईत येऊ. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, वाळकेश्वरचा. शिक्षणानं वकील. त्या काळी विद्या घराण्यात होती. खाँसाहेब राग उत्तम गात, पण त्याचा नियम विचारला तर सांगतीलच असं नव्हतं. भातखंड्यांनी देशभर फिरून चिजा गोळा केल्या, जुने ग्रंथ तपासले आणि राग दहा थाटांत लावले. चिन्हं किती सोपी पाहा: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत शेकडो चिजा अशा उतरल्या.

त्यांचा शास्त्रग्रंथ 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' मराठीत आहे, चार भागांत, आणि तो लिहिलाय गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत! प्लेटोसारखाच. कागद उत्तर देत नाही ना, मग कागदावरच विचारणारा शिष्य बसवला.

१९१६ साली बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाखाली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघालं. आज तेच भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. ज्याच्या घरी गाणं नाही, त्यानंही अर्ज करावा, वर्गात बसावं, ही वाट अशी रुंद झाली.

पण बुवांची बाजूही ऐकू. दरबारीचा कोमल गंधार आणि भीमपलासीचा कोमल गंधार कागदावर सारखेच दिसतात, दोघांखाली तीच रेघ. दरबारीतला गंधार मात्र संथ आंदोलन घेतो, आणि ते वहीत मावत नाही. तिथे कानच लागतो.

याउलट वाद्यवृंदाकडे पाहा. चाळीस वादकांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवायचे, तर प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या वाट्याचा कागद हवाच. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन शिकवत. त्यातले कितीतरी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातलं नाव या गुरूचंच. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला, आपले राग त्या मोठ्या ताफ्याकडून वाजवून घेण्यासाठी. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात गेले.

वाद्यरचनेच्या वर्गात काय शिकवतात, त्याचा एक नमुना सांगतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्यानं कागदावरचा 'सी' वाजवला की ऐकू येतो 'बी फ्लॅट'. म्हणून त्याचा कागद एक पूर्ण स्वर चढा लिहावा लागतो. हे शिकायला विद्यार्थी फी भरतात. आपल्या लग्नातल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा पेटीशी सूर जुळवतो, तेव्हा हाच हिशेब तो बोटांनी करतो. ज्ञान त्याच्यापाशी आहे, पण त्याची बोटं थकली की ते ज्ञानही थांबतं. त्याच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि शेजारच्याच्या मुलीला तर दारही उघडं नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. गाणं कानानंच येतं, बुवा खरं बोलले. पण ज्याला त्या कानापर्यंत पोहोचवणारं कुणी घरात नाही, त्याच्यासाठी वही लागते. भातखंड्यांनी ती वही देशाला दिली.

बुवा आज समोर असते तर आम्ही म्हणालो असतो, "कान आणलाय. वहीही राहू द्या. आमच्या मागून येणाऱ्याला ती लागेल."

असो. आता प्रश्न विचारा. आम्ही काही कागद नाही, उत्तर देऊ.